रूपाची भीती, विषाचा उतारा

महाभारताच्या आदिपर्वात रुरूची कथा येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरण पावते आणि रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळवतो. एवढ्यावर कथा थांबत नाही. प्रिया परत मिळाली तरी सापांविषयीचा क्रोध शमत नाही. दृष्टीस पडेल त्या सापाला दंडाने ठार मारावयाचे, असे व्रतच तो घेतो. एके दिवशी अरण्यात त्याला एक म्हातारा डुंडुभ पहुडलेला दिसतो. डुंडुभ ही बिनविषारी जात. रुरूने दंड उगारताच तो साप मनुष्यवाणीने त्याला अडवतो. माणसांना दंश करणारे सर्प निराळे असतात; केवळ आकार सापाचा आहे एवढ्या कारणाने डुंडुभांना मारणे धर्माला धरून नाही, असे त्याचे सांगणे. पुढे कळते की हा मुळात एक ऋषी. तरुणपणी त्याने गवताचा साप करून मित्राला भिवविले. तो मित्र भयाने मूर्च्छित पडला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने दिलेल्या शापामुळे ऋषीला निर्विष सापाचा जन्म घ्यावा लागला. एका लहानशा आख्यानात व्यासांनी असे दोन साप आणले आहेत, की ज्यांच्यात विष नाही आणि भय मात्र पुरेपूर आहे. जनमेजयाच्या सर्पसत्राची नांदी या कथेने होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे स्थान आकस्मिक नाही हे पटते. सत्रात सर्पमात्राची आहुती पडणार आहे. त्याआधी कवीने एका निरुपद्रवी सापाला बोलू दिले आहे.

मराठी शेतकऱ्याच्या मनातही रुरू आणि डुंडुभ शेजारी शेजारी नांदत आले आहेत. नागपंचमीला नांगर न धरणारा, सापाला क्षेत्रपाळ किंवा राखणदार म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी बांधावर आलेली धामण काठीने ठेचतो, आणि यात विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. पूजा होते ती नागाच्या रूपाची, आणि काठी पडते तीही रूपावरच. धामण वर्षभर शेतातले उंदीर खाते, ही गोष्ट दोन्ही प्रसंगी हिशेबात येत नाही. ‘साप म्हणून भुई धोपटणे’ ही म्हण आपल्या भाषेत आहे; धोपटली जाणारी भुई क्वचितच असते, बहुधा तेथे एखादा कवड्या किंवा पाणदिवडच असतो.

सापाचे रूप आणि सापाचे कर्म यांची फारकत करण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न या देशात झाला तो पूर्व किनाऱ्यावर, मद्रास सरकारच्या आश्रयाने. आणि त्याच प्रयत्नाचा सर्वांत फलदायी टप्पाही, दोनशे वर्षांनंतर, त्याच किनाऱ्यावर मद्रासच्या दक्षिणेस गाठला गेला. या दोन टोकांच्या मधला इतिहास पाहण्याजोगा आहे.

पॅट्रिक रसेल हा एडिंबरोचा वैद्य. अलेप्पो शहरात त्याने बरीच वर्षे काढली, प्लेगवर ग्रंथ लिहिला, आणि उतारवयात भावाच्या सोबतीने विशाखापट्टणम येथे आला. १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कर्नाटक प्रांतासाठी निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्याची नेमणूक केली. वनस्पती, मासे यांच्या बरोबरीने त्याने साप गोळा करण्यास आरंभ केला. त्याच्यापुढचा प्रश्न व्यावहारिक होता. सर्पदंशाने माणसे मरत. पण दंश झालेल्या माणसाला चावलेला साप विषारी होता की नाही, हेच बहुधा सांगता येत नसे. बिनविषारी सापाच्या दंशातून जो वाचला तो ज्या औषधाने वाचला म्हणून सांगितले जाई, त्या औषधाची ख्याती वाढे. त्या काळी मद्रास इलाख्यात ‘तंजावरची गोळी’ म्हणून एक औषध प्रसिद्ध होते. तंजावर म्हणजे तेव्हा मराठ्यांचे राज्य. तुळजाजी राजे नुकतेच निवर्तले होते. या गोळीत सोमल असे. तिची कीर्ती आणि तिचा गुण यांतील अंतर मोजण्यासाठी रसेलने जनावरांवर पुनःपुन्हा प्रयोग केले. आज आपल्याला ठाऊक आहे की सोमल हा सर्पविषाचा उतारा नव्हे. पण गोळी खरी की खोटी हे ठरविण्यासाठी आधी साप कोणता हे ठरले पाहिजे, ही गोष्ट त्या वेळी फार थोड्यांना सुचली होती.

साप कोणता हे ठरवायचे कशावरून? लिनियसच्या पद्धतीत पोटावरील आणि शेपटीखालील खवले मोजून जाती लावल्या जात. कागदावर ही पद्धत सुबक होती. रसेलने ती वापरून पाहिली आणि खवल्यांच्या आकड्यावरून विषारी-बिनविषारी हा भेद निश्चित होत नाही असा निष्कर्ष काढला. रंगावर तर विश्वास ठेवताच येत नव्हता. तेव्हा त्याने सापाचे तोंड उघडले. वरच्या जबड्यात पुढच्या बाजूस विषदंत आहेत काय, त्यांच्या मुळाशी पिशवी आहे काय, हे पाहिल्यावाचून निवाडा नाही, असे त्याने ठरविले. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. अंगावरची नक्षी सोडून तो अवयवाच्या कामाकडे वळला. त्याने आपल्या सापांची नावे तेलुगू लोकांच्या तोंडची ठेवली, हेही नोंदण्यासारखे आहे. ज्या सापाला आपण घोणस म्हणतो तो त्याच्या ग्रंथात ‘कटुक रेकुल पोडा’ या नावाने आला. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा हा भव्य चित्रग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढल्याच वर्षी युरोपातील विद्वानांनी घोणशीला रसेलचेच नाव देऊन टाकले. तेलुगू नाव ग्रंथात राहिले. जगाने साहेबाचे उचलले.

रसेलने उघडलेल्या वाटेने सरकार मात्र फार काळ गेले नाही. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांनी रुरूचे व्रत घेतले, आणि तेही रोख रकमेने. मारलेल्या सापामागे बक्षीस देण्याची प्रथा पडली. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट. तेथे बक्षिसाची रक्कम वाढविताच डिसेंबर १८६२ मध्ये आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी कचेरीत जमा झाली. या आकड्याने अधिकारी हबकले आणि तिजोरीही हबकली. कोकणातल्या कातळावर फुरशी आजही आहेत. बक्षिसासाठी आणलेल्या सापांत विषारी किती आणि बापडे बिनविषारी किती, याची छाननी करण्याइतके ज्ञान बहुतेक कचेऱ्यांत नव्हते. साप मेला की हिशेब मिटला, एवढेच.

दरम्यान उतारा दुसरीकडे शोधला जात होता. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत याने सायगावात नागाच्या विषावर काम सुरू केले आणि १८९५ च्या सुमारास घोड्याच्या रक्तातून विषावरची लस सिद्ध केली. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवीत न्यायची, आणि त्याच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात ती वेगळी काढून दंश झालेल्या माणसाला द्यायची, ही कल्पना. काल्मेतला वाटले की एका सापाची लस सर्व सापांना लागू पडेल. ऑस्ट्रेलियात मार्टिनने आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम याने ते खोटे ठरविले. नागाची लस घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ होती. म्हणजे ज्या जातीचा दंश, त्या जातीचे विष घोड्याला दिलेच पाहिजे. येथे सापाकडे पाहण्याची दृष्टी उलटी होते. आता घोणशीच्या दंशावरचा उतारा घोणशीवाचून होणार नव्हता. मेलेली घोणस कोणाच्याच उपयोगाची नव्हती.

परळची हीच संस्था पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्र चालणारी लस तेथे तयार होऊ लागली; संस्थेच्या आवारात साप पाळून त्यांचे विष काढले जाई. तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांविषयी लिहिलेले पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले आणि एका पिढीच्या वाचकांनी त्यावरून साप ओळखण्याचे प्राथमिक धडे घेतले. पण घोडे, बाटल्या, शीतगृहे आणि वैद्य यांची सोय झाली तरी मूळ प्रश्न उरतोच. हजारो जिवंत विषारी साप, त्यांना इजा न करता, दरवर्षी कोण पकडून आणणार?

ज्यांना हे येत होते ते मद्रासच्या आसपासच्या पालांत राहत होते. इरुळर ही तमिळ प्रदेशातील आदिवासी जमात. चेंगलपट्टू, तिरुवळ्ळूर, विळुप्पुरम या भागांत तिची वस्ती. ‘इरुळ’ म्हणजे काळोख. हे नाव त्यांना त्यांच्या वर्णावरून मिळाले की त्यांच्या अरण्यातील दाट सावलीवरून, यावर पूर्वीच्या लेखकांनी बरीच चर्चा केली आहे. एग्मोर येथील सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये दक्षिण भारतातील जाती-जमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. दुसऱ्या खंडात इरुळरांची नोंद आहे. थर्स्टन यांचा मापनावर मोठा भर. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची आणि रुंदी कंपासाने मोजून माणसांच्या जमातींची उतरंड लावता येते, असा त्या काळच्या विद्वानांचा समज होता. लिनियस सापाचे खवले मोजत होता. हे माणसाचे नाक मोजत होते. आकडे खरे होते, त्यांवरून काढलेला अर्थ फोल होता. जी माणसे बिळाच्या तोंडाशी बसून आत साप आहे की नाही, असल्यास कोणता, हे सांगू शकत, त्यांच्या या विद्येचे मोजमाप करण्याचे साधन त्या पेटीत नव्हते.

ही विद्या काय आहे ते पाहावे. इरुळर शेताच्या बांधावरून चालतात ते खाली मान घालून. मातीवरची पुसट रेघ, कातेचा बोटभर तुकडा, विष्ठा, बिळाच्या कडेची गुळगुळीत झालेली माती, यांवरून त्यांचा निर्णय होतो. बिळात साप गेला आहे की येऊन निघून गेला आहे, हेही ते सांगतात. मग लहानशा पहारीने माती उकरायची. मुळे आली तर हाताने बाजूला करायची. सापाला धक्का लागता कामा नये. सापाचे अंग दिसले की शेपटी धरून, काठीच्या टेकूने त्याला अलगद बाहेर घ्यायचे. पुंगी नाही, मंत्र नाही. टोपलीतला नाग डोलवून पोट भरणारे गारुडी निराळे आणि इरुळर निराळे. बाहेरून पाहणाऱ्याने मात्र दोघांना पुष्कळदा एकच मानले. उंदराच्या बिळाची रीतही अशीच. मातीच्या मडक्यात पाला पेटवून, तोंडाने फुंकर घालून धूर बिळात सोडायचा. गुदमरलेले उंदीर हाती लागतात, आणि उकरता उकरता उंदरांनी साठवलेली भाताची लोंबीही सापडते. गरीब कुटुंबाच्या चुलीला या धान्याचा आधार होत आला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे त्याच्याच शेतातून गेलेले धान्य; पण उंदीर कमी झाल्याचा लाभ त्यालाच होतो, म्हणून तो सहसा हरकत घेत नाही.

या कौशल्याला बाजाराने प्रथम जो भाव दिला तो कातड्याचा. मद्रास हे चामड्याच्या धंद्याचे मोठे ठाणे. विसाव्या शतकात सापाच्या कातडीचे बूट, पट्टे, बायकांच्या हातातल्या पिशव्या यांना परदेशात मागणी आली आणि इरुळर दलालांमार्फत साप पुरवू लागले. येथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. उपयुक्तता हा शब्द आपण फार सहजपणे चांगल्या अर्थी वापरतो. कातडेही उपयोगी पडतच होते. घोणशीच्या पाठीवरची साखळी, अजगराच्या अंगावरची पटचित्रे, धामणीची लांब अखंड कातडी, हे रूपच त्यांच्या मुळावर आले. ज्या रूपाची भीती वाटते म्हणून खेड्यात साप मारला जाई, त्याच रूपाचा मोह पडतो म्हणून शहरासाठी तो मारला जाई. साप कातड्यापुरता उपयोगी मानला की त्याच्या जिवंतपणाला किंमत उरत नाही, आणि शेतातल्या उंदरांना मोकळे रान मिळते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यानंतर काही वर्षांत कातड्यांची निर्यातही बंद झाली. सापांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. इरुळरांच्या दृष्टीने ते संकट होते. जंगलावरचा हक्क वसाहतकाळातच संपला होता. आता हातातली एकमेव विद्या गुन्हा ठरली. अनेक कुटुंबे भातगिरण्यांत, वीटभट्ट्यांवर, उचल घेऊन वेठीसारखी राबू लागली. वन्यजीवांच्या रक्षणाचा हिशेब मांडताना हा खर्च क्वचितच लिहिला जातो.

या काळात मद्रासला एक तरुण स्थायिक झाला होता. रोम्युलस व्हिटेकर जन्माने अमेरिकन. आई डोरिस आणि सावत्र वडील रामा चट्टोपाध्याय यांच्याबरोबर १९५१ मध्ये तो भारतात आला. रामा हे कमलादेवी आणि हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे चिरंजीव. तरुणपणी अमेरिकेत परत जाऊन व्हिटेकरने फ्लोरिडातील प्रसिद्ध सर्पालयात काम केले, जेथे विष काढण्याचे तंत्र दैनंदिन व्यवहाराचा भाग होते. १९७२ मध्ये गिंडी येथे सर्पोद्यान उभे राहिले. मद्रासच्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी साप पहिल्यांदा निवांतपणे पाहिला तो तेथे. १९७६ मध्ये मामल्लपुरमच्या वाटेवर, वडनेम्मेली येथे समुद्राकाठी मगरींची पैदास करणारी संस्था निघाली. या सगळ्या कामात व्हिटेकरचे गुरू होते इरुळर. दुर्मिळ असा हा उलटा संबंध. संग्रहालयाचा मालक शिकत होता आणि नाकाचे माप ज्यांचे घेतले होते ते शिकवीत होते.

१९७८ च्या डिसेंबरात इरुळ सर्पपकड्यांची औद्योगिक सहकारी संस्था नोंदली गेली. मगरींच्या संस्थेच्याच आवारात तिचे काम सुरू झाले. योजना सोपी होती. साप मारायचा नाही; पकडायचा, काही दिवस ठेवायचा, विष काढायचे, परत सोडायचा. वनखाते दरवर्षी प्रत्येक जातीचे किती साप पकडावेत याची संख्या ठरवून परवाना देते. सभासद नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे आणतात, वजन व लांबी नोंदली जाते, प्रत्येक सापाला रेती घातलेल्या मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधतात. सुमारे तीन-चार आठवड्यांच्या मुक्कामात आठवड्याच्या अंतराने विष काढले जाते. काचेच्या भांड्यावर पातळ पडदा ताणून बसवतात. सापाचे डोके धरून त्यावर टेकवले की तो चावतो आणि विष थेंबाथेंबाने काचेवर उतरते. नागाचे विष त्यातल्या त्यात भरपूर. मण्यारीचे आणि फुरशाचे इतके थोडे, की एक ग्रॅम भुकटी जमायला कितीतरी साप लागतात. मग ते गोठवून वाळवतात आणि औषधांच्या कारखान्यांकडे पाठवतात. देशातील सर्पविषाच्या उताऱ्यासाठी लागणाऱ्या विषाचा बहुतांश भाग कित्येक वर्षे या एका संस्थेतून गेला आहे. सभासदांची संख्या तीनशेच्या आसपास. एखाद्या मध्यम शाळेतील मुलांइतकी ही माणसे, आणि त्यांच्या हातांवर देशभरातल्या दवाखान्यांतील कुपी अवलंबून.

गरज किती मोठी आहे हे आकड्यांवरून कळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली. वर्षाकाठी सरासरी ५८ हजार. यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि जवळपास निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. पेरणी, लावणी आणि उंदीर यांचा हाच हंगाम. उंदरामागे साप येतो. देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य माणसाला अपाय करू शकत नाहीत. पण रात्रीच्या अंधारात, अनवाणी पायाला, ही टक्केवारी कळत नाही. रूपाने तर पुरता घोटाळा होतो. कवड्या निरुपद्रवी, पण पट्ट्यांमुळे मण्यारीसारखा दिसतो आणि त्यासाठी मरतो. खुद्द मण्यार दिवसा इतकी सुस्त आणि अंगाने इतकी तुकतुकीत की पोरे तिला काठीवर उचलतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा पुष्कळदा वेदनाही होत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागल्यावर उशीर झालेला असतो. वीतभर फुरसे सापांच्या राजसभेत कोठे बसवावे असा प्रश्न पडावा, आणि कोकणात मात्र त्याची दहशत. तमिळमध्ये नागाला ‘नल्ल पांबु’ म्हणतात, म्हणजे चांगला साप. घोणशीला ‘कण्णाडि विरियन’, कण्णाडि म्हणजे आरसा. भाषेने भीती गोड करून घेतली आहे.

इरुळरांच्या विद्येला परदेशातून बोलावणे आले ते २०१७ मध्ये. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर सुटले आणि फोफावले; तेथले ससे, रॅकून, पक्षी त्यांनी फस्त केले. शिकारी, श्वान, यंत्रे यांनी फारसे साधेना. तेव्हा मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना तेथल्या विद्यापीठाने व वन्यजीव खात्याने बोलावले. पहिल्या दोनेक आठवड्यांतच त्यांनी १३ अजगर पकडले. अमेरिकन वार्ताहरांना नवल वाटले ते त्यांच्या हातातील साध्या पहारीचे. या प्रसंगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ब्रह्मदेशच्या अरण्यात जो अजगर उंदीर-घुशींवर वचक ठेवून असतो, तोच, तसाच देखणा, फ्लोरिडात उच्छाद मांडतो. त्याच्या अंगावरची एक रेषाही बदललेली नसते. बदललेली असते ती जागा, आणि तिच्याबरोबर त्याच्या कर्माचे फळ. २०२३ मध्ये या दोघांना पद्मश्री मिळाली. व्हिटेकरला ती २०१८ मध्ये मिळाली होती. गुरूंना शिष्यानंतर पाच वर्षांनी.

गौरव झाला म्हणून सारे ठाकठीक झाले असे समजण्याचे कारण नाही. संस्थेचे उत्पन्न परवान्यावर अवलंबून. परवाना उशिरा आला की हंगाम हुकतो. पहारीची विद्या मुलांना द्यावी की शाळेची, हा प्रश्न पालांतल्या आईबापांना रोज पडतो, आणि शाळेकडे झुकणाऱ्यांना दोष देता येणार नाही. शहर दक्षिणेकडे पसरत गेले तशी भातखाचरे आणि झुडपी माळराने यांच्या जागी रस्ते व सदनिका आल्या. साप शोधायला पूर्वीपेक्षा दूर जावे लागते.

आणि विज्ञानानेही एक नवी अडचण पुढे ठेवली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक वेगळे असते. चेन्नईजवळची घोणस आणि दुसऱ्या प्रांतातली घोणस शेजारी ठेवल्या तर तज्ज्ञालाही फरक सांगणे कठीण; पण विषातील द्रव्यांचे प्रमाण निराळे, माणसाच्या रक्तावर होणारा परिणाम निराळा. एकाच किनाऱ्यावरच्या विषापासून केलेला उतारा सर्व देशात सारखा लागू पडत नाही, आणि डॉक्टरला कुप्यांवर कुप्या द्याव्या लागतात. पश्चिम घाटातील उंचवट्याच्या नाकाच्या चापड्यासारखे काही साप तर चारांच्या यादीतच नाहीत. त्यांच्या दंशावर या उताऱ्याचा उपयोग होत नाही, हे केरळातील रुग्णांच्या अनुभवावरून कळले. काल्मेतची चूक, एक लस सर्वांना पुरेल ही, सव्वाशे वर्षांनी सूक्ष्म रूपात पुन्हा समोर आली. रसेलने सापाचे तोंड उघडून दात पाहिला. आता दाताच्याही आत, थेंबाच्या घटनेत शिरणे भाग आहे. यावर उपाय म्हणून निरनिराळ्या प्रांतांत विष गोळा करण्याची केंद्रे निघावीत, असा आग्रह धरला जातो आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या कृती-आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ती केंद्रे निघाली तर महाराष्ट्रातील घोणस आणि कोकणातील फुरसे यांना जिवंत पकडणारे हात लागतील, आणि तसे हात तयार व्हायला इरुळरांच्या घरात कित्येक पिढ्या गेल्या आहेत.

वडनेम्मेलीच्या मडक्यातला साप मुदत संपली की पुन्हा रानात सोडला जातो. सोडण्यापूर्वी त्याच्या पोटाखालचा एखादा खवला किंचित कातरतात. लिनियस ज्या खवल्यांची गणती करीत होता त्यांतलाच हा एक. वरून पाहणाऱ्याला खूण दिसत नाही. पुढे कधी तोच साप एखाद्या इरुळराच्या हाती लागला, तर तो त्याला हलकेच उलटा करून पोट पाहतो. कातरलेला खवला अजून भरून आला नसेल, तर या सापाने आपला वाटा नुकताच दिला आहे असे समजून त्याला तेथेच बिळाच्या तोंडाशी सोडून देतो.